खुंटीवरची चाबी



कपाशीची फवारणी आटोपली, त्यात रात्री पाऊस झाला, त्यामुळं दोन दिवस वावरात पाय ठेवता येत नाही. म्हणून आज पिकाबद्दल न लिहिता गाडीच्या चाबीबद्दल लिहितो. तुम्ही म्हणाल, वावराच्या नोंदीत चाबी कायले? शेवटपर्यंत वाचा, विषय फवारणीवरच येतो.

आमच्या पुसदकडच्या जुन्या घरात ओसरीच्या खांबाला एक लाकडी खुंटी आहे. आजोबांच्या काळी तिला कासरा लटकलेला असायचा. ज्याला वखर धरायचा, तो कासरा घ्यायचा. पुढं घरात सायकल आली आणि तिच्या कुलपाची बारकी चाबी सुतळीला बांधून तिथं अडकली. मग वडिलांनी जुनी राजदूत घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीची, १७५ सीसीची, मूळ पोलंडच्या आराखड्यावर बनलेली फटफटी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकावं लागायचं. तिची चाबीही त्याच खुंटीवर आली. घरात कोणाला ताप येवो, पाहुणा स्टँडवर उतरो, की बियाण्याची थैली आणायची असो, ज्याला गाडी चालवता येत होती तो खुंटीवरून चाबी उचलून निघायचा. विचारायची गरज नव्हती. खुंटी रिकामी दिसली की गाडी बाहेर गेली, एवढा हिशेब लहान पोरालाही कळायचा.

त्या काळच्या चाबीत तसा दम नव्हता. १९७२ साली आलेली लूना घ्या, की त्याच साली आलेली बजाजची चेतक स्कूटर घ्या, त्यांच्या इंजिनात फिरत्या चाकातल्या चुंबकानंच ठिणगी तयार व्हायची, त्यासाठी बॅटरी लागत नव्हती. अशा गाड्यांत इंजिन बंद करणं म्हणजे ती ठिणगी वायरनं गाडीच्या अंगात उतरवून देणं. म्हणजे चाबी गाडी चालू करत नव्हती, फक्त बंद करत होती. चालू करायचं काम पायाचं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, पेट्रोल कमी लागायला लागलं आणि खेड्यातल्या दर दुसऱ्या घरी गाडी दिसू लागली. चाबी मात्र तशीच राहिली, पितळ-लोखंडाची आणि झिजणारी.

किती झिजणारी, त्याचा एक किस्सा सांगतो. २०११ ची गोष्ट. पुसदच्या बाजाराच्या दिवशी भाजीची थैली अडकवली, चाबी फिरवली, किक मारली आणि निघालो. अर्ध्या किलोमीटरवर लक्षात आलं की आरसा आपला नाही. गाडी तीच, रंग तोच, पण मालक दुसरा! माझ्या चाबीनं ती बिनबोभाट उघडली होती. परत गेलो तर तो माणूस माझ्या गाडीजवळ डोकं धरून उभा. दोघं हसलो, चहा प्यालो. घरी येताना मात्र हसू गेलं. माझ्या चाबीनं त्याची गाडी जाते, तर कोणाच्याही चाबीनं माझी जाऊ शकते. बाजारातून गाड्या चोरीला जातात त्या उगाच नाही.

ह्या दुखण्यावरचं औषध आधी मोटारगाड्यांत आलं. चाबीच्या डोक्यात एक बारीक चिप बसवली. चिपचा नंबर जुळला तरच इंजिन चालू होणार, नाहीतर नुसती चाबी फिरवून उपयोग नाही. जर्मनीत १९९५ पासून नव्या मोटारींना असं कुलूप आलं. १९९८ मध्ये मर्सिडीजनं चाबी खिशातून काढायचीच गरज नाही अशी गाडी आणली. साधारण २००७ पासून कावासाकीच्या मोठ्या टूरिंग मोटारसायकलवर ही सोय आली. आपल्याकडं जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बजाजनं जुन्या चेतकचंच नाव देऊन बॅटरीवरची स्कूटर काढली, तिला अशी चाबी होती. जानेवारी २०२३ मध्ये होंडानं ॲक्टिव्हाचं एच-स्मार्ट मॉडेल आणलं आणि मग ही गोष्ट तालुक्याच्या शोरूमपर्यंत पोचली. कंपनी तिला स्मार्ट की म्हणते, शोरूमवाला फॉब म्हणतो, आपल्याकडं सगळे रिमोट म्हणतात.

ती चालते कशी, ते सोप्या भाषेत सांगतो. बटण दाबलं किंवा खटका फिरवला की गाडी बारीक लहरीनं हाक मारते. ही हाक मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, एक-दोन मीटरच्या पुढं जात नाही. खिशातला रिमोट ती ऐकतो आणि 'ओ' देतो. गाडीचा प्रश्न दरवेळी नवा असतो, म्हणून उत्तरही दरवेळी नवं लागतं. उत्तर बरोबर आलं तर इंजिन चालू. ह्या बोलाचालीसाठी रिमोटमध्ये रुपयाएवढा चपटा सेल असतो, बहुतेक सीआर २०३२ नंबरचा, तीन व्होल्टचा.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. एकदा इंजिन चालू झालं की रिमोट दूर गेला तरी गाडी सहसा बंद पडत नाही. ते बरोबरही आहे, भर रस्त्यात गाडी बंद पडली तर मागचा ट्रक अंगावर येईल. पण ह्याच चांगल्या गोष्टीनं मला गेल्या खरिपात फसवलं.

पुतण्यानं नवी रिमोटवाली गाडी घेतली होती. त्या दिवशी तो एसटीनं यवतमाळला निघाला होता. अंगणात त्यानं गाडी चालू करून दिली, "काका, घेऊन जा." मी बसलो आणि चार किलोमीटरवरच्या वावरात जाऊन धुऱ्यावर गाडी बंद केली. दुपारी बाराच्या सुमारास फवारणी करणारा आमचा माणूस पंप टाकून खाली बसला. घामानं ओला, तोंडाला पाणी सुटलेलं, डोळ्यापुढं अंधारी. मी धावत गाडीकडं गेलो, बटण दाबलं, नुसता दिवा लुकलुकला. पुन्हा दाबलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फोन लावला.

"अरे, चाबी कुठी हाय?"

"रिमोट माझ्याच खिशात राहिला न काका. मी तं दिग्रसच्या पुढं आलो."

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं असेल ते सांगायला नको. १०८ ला फोन केला, पण वावरापर्यंत चिखलाची पांदण. तोवर बाकीच्यांनी त्याचे कपडे काढून साबण-पाण्यानं अंग धुतलं. शेजारच्या धुऱ्यावर एका काकाची वीस वर्षं जुनी गाडी उभी होती. काका दूर डवरणी करत होते. मी हाक मारली, त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "बाभळीले टांगली हाय, घेऊन जाय!" बाभळीच्या फांदीला सुतळीत चाबी लटकली होती. एक किक, गाडी चालू. आजाऱ्याला मध्ये घेतलं, मागून एकानं धरलं, औषधाची बाटली सोबत घेतली आणि पुसदचा दवाखाना गाठला. तीन दिवसांनी माणूस पायी घरी आला. देवाची कृपा आणि बाभळीवरच्या चाबीची.

त्या रात्री मी ओसरीत बसून खुंटीकडं पाहत होतो. पन्नास वर्षं त्या खुंटीनं एक काम केलं, गाडी घराची ठेवली. रिमोटनं गाडी चोरापासून वाचवली हे खरं, बाजारातला तो किस्सा आता होणार नाही. पण गाडी घराची राहिली नाही, ज्याच्या खिशात रिमोट त्याची झाली. हा दोष यंत्राचा नाही, यंत्र सांगितलेलं काम चोख करते. आपण घराची जुनी रीत मोडली आणि नवी लावलीच नाही. पुतण्याचा दुसरा रिमोट कपाटात, दागिन्यांच्या डब्यात पडून होता, हे मला नंतर कळलं.

सकाळी उठून मी तो काढला आणि खुंटीवर अडकवला. संध्याकाळी पुतण्या आला आणि हसायला लागला. गाडी ओसरीतच खुंटीखाली उभी! रिमोट हातभर अंतरावर म्हणजे गाडीचं कुलूप उघडंच, कोणीही बटण दाबावं आणि न्यावी. जुन्या चाबीला खुंटी जवळ लागायची, हिला लांब लागते. शेवटी आतल्या खोलीत, गाडीपासून दहा पावलांवर, भिंतीच्या आड नवी खुंटी ठोकली. रिमोट तिथं टांगला की बाहेर येऊन बटण दाबून पाहिलं, गाडी चालू झाली नाही, तेव्हा जागा पक्की केली.

आता आमच्या घरचे नियम लिहितो, पटले तर तुम्हीही लावा.

१. गाडी दुसऱ्याच्या हाती दिली की रिमोटही हातात द्यायचा. चालू करून दिलेली गाडी घ्यायचीच नाही.

२. दुसरा रिमोट आतल्या खुंटीवर, घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. तो हरवू देऊ नका, गाडी चोरीला गेली तर विमावाले दोन्ही चाब्या मागतात.

३. दरवर्षी मृगाच्या आधी दोन्ही रिमोटचे सेल बदलायचे. जुना सेल लेकरांच्या हाती पडू देऊ नका, गिळला तर अन्ननलिका जळते, जिवावर बेतते.

४. फवारणीच्या दिवशी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, मोबाईलपासून वेगळ्या खिशात. ओल्या कपड्यासोबत धुण्यात जाणार नाही हेही पाहा.

५. रिमोटचा सेल बसला तर गाडी कशी उघडायची, हे मॉडेलप्रमाणं वेगळं असते. गाडी घेतानाच शोरूममध्ये स्वतःच्या हातानं करून पाहा. गाडीची बॅटरी बसली तर काय, तेही विचारा, किक नसेल तर ढकलून काम भागत नाही.

६. फवारणी चालू असेल त्या दिवशी धुऱ्यावर चालू होणारी एक गाडी आणि तिची चाबी कुठं आहे, हे वावरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. मजुरालाही.

सहावा नियम सगळ्यात महत्त्वाचा. पाचही विसरलात तरी तो विसरू नका.

ओसरीतली जुनी खुंटी मी काढली नाही. तिला आता फवारणीचे हातमोजे आणि तोंडाचा रुमाल टांगतो.

तुमच्या घरी दुसरा रिमोट कुठं ठेवला आहे? आत्ता उठून पाहा आणि खाली लिहा.

राम राम.