डीनच्या जंगलातली खुर्ची

गटाच्या मागच्या बैठकीत मी मोबाईलवर एक फोटो दाखवला होता. जंगलातल्या टेकाडावर एक लाकडी खुर्ची, माणूस तिच्या पायांमधून ताठ चालत जाईल एवढी मोठी. आपल्यातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "उघड्यावर, पावसात ठेवली? कुजायची की गं!" आजींचं बरोबरच होतं. आज तिचीच गोष्ट सांगते.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून डीनचं जंगल आहे. पूर्वी ते राजाच्या शिकारीचं रान. पण तिथल्या जमिनीत लोखंडाचा दगड निघायचा आणि तो वितळवायला लाकडी कोळसा लागायचा. लाकडं रचायची, पाल्यामातीनं लिंपायची आणि ज्वाला न होऊ देता आत धुमसत ठेवायची, असा तो कोळसा पाडत. त्यात झाडं किती गेली, विचारू नका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लढाऊ जहाजांना लाकूड हवं म्हणून सरकारनं तिथं हजारो एकरांवर ओक लावले. ते तोडणीला येईस्तोवर जहाजं लोखंडाची झाली! सरकारी कामं तिकडंही अशीच म्हणायची.

१९८६ साली या सरकारी जंगलात शिल्पांची पायवाट सुरू झाली. तिकिटाची खोली नाही, काच नाही. चालता चालता बघायचं. डेव्हिड नॅश यांनी लाकडाचे शेकडो खुंट जाळून काळे केले आणि जमिनीत घुमटासारखे रोवले, जुन्या कोळसा-भट्टीची आठवण म्हणून. आणि ती ओकची खुर्ची घडवली मॅग्डालेना येटेलोव्हा या बाईंनी. त्या मूळच्या चेकोस्लोव्हाकियाच्या, आदल्याच वर्षी देश सोडून जर्मनीत आलेल्या. खुर्चीला त्यांनी नाव दिलं 'जागा'. देश सुटलेल्या बाईनं हेच नाव द्यावं, यावर मी बराच वेळ अडले. लोक मात्र तिला राक्षसाची खुर्ची म्हणत.

जवळजवळ तीस वर्षं ती ऊनपावसात उभी राहिली. शेवटी लाकूड इतकं कुजलं की खालून जाणाऱ्यांच्या जिवाला धोका. २०१५ साली ती उतरवली. लोकांना वाईट वाटलंच, लहानपणापासूनची ओळख होती. पण तिचं सरपण कुठं विकलं नाही की गोदामात टाकलं नाही. त्याच जंगलात तिचा कोळसा पाडला.

हे सांगितल्यावर आजी हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माहेरीच गेली की."