काळा पडदा बरा

रात्री ओटीवरची माणसं उठून आत गेली की घरातलं जाणतं माणूस कंदिलाची वात बारीक करी. तेल वाचे आणि काचही कमी काजळे. आज ही आठवण काढली ती संगणकाच्या पडद्यासाठी. संगणकाला बराच वेळ कोणी हात लावला नाही, की पडद्यावर आपोआप काही चित्रं हलू लागतात. त्याला स्क्रीन सेव्हर म्हणतात; म्हणजे पडदा राखणारा. पण तो पडदा कशापासून राखतो?

पूर्वी संगणकाचे पडदे जुन्या टीव्हीसारखे, पाठीमागे फुगीर काचेची नळी असलेले असत. नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत येई आणि काचेच्या आतून दिलेल्या फॉस्फरच्या थरावर आदळे. आदळे तिथे उजेड पडे. पण एकच मजकूर महिनोन् महिने एकाच जागी राहिला, तर तेवढ्या जागचा थर झिजून मंद होई. मग संगणक बंद केला तरी त्या अक्षरांची पुसट सावली काचेवर उरे. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर मागे चौकोन दिसतो ना, तसंच.

यावर अमेरिकेतल्या जॉन सोचा यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो १९८३ च्या डिसेंबरात ‘सॉफ्टटॉक’ मासिकात छापून आला. त्याचं काम एवढंच: तीन मिनिटं कोणी काही केलं नाही, तर पडदा काळा करायचा. चित्र नाही, रंग नाही. पहिला स्क्रीन सेव्हर म्हणून याचंच नाव घेतात.

पुढे मात्र हौस आली. १९८९ साली बर्कली सिस्टिम्स या कंपनीने ‘आफ्टर डार्क’ काढलं. त्यात पाव भाजायची यंत्रं पंख लावून उडत! १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये अंगावर धावून येणारे तारे होते. हलत्या चित्रानेही पडदा वाचे, कारण उजेड एका जागी ठरत नसे. पण लोक ते पाहत बसू लागले. राखणदारच तमाशा करू लागला म्हणा ना!

आता पडदे सपाट झाले. बहुतेकांत फॉस्फरची ती नळीच नाही, म्हणून ती झीजही नाही. काही नव्या पडद्यांत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथे डाग पडू शकतो, पण काळा पडदा तोही टाळतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपण फळ्यावर भागाकार शिकवत आहात आणि कोपऱ्यातल्या संगणकावर मासे पोहताहेत. मुलांचे डोळे कुठे असतील? शिवाय चित्र हलतं तोवर वीज जळतेच. सपाट पडदा नुसता काळा दिसला तरी त्याच्यामागचा दिवा बहुधा चालूच असतो. म्हणून दोन गोष्टी करा. स्क्रीन सेव्हरच्या यादीतला ‘ब्लँक’, म्हणजे कोरा, हा प्रकार निवडा. आणि पाच-दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद व्हावा, अशी वेळ लावून ठेवा.

चाळीस वर्षांत नाना खेळ झाले. पण पहिला काळा पडदाच शहाणा ठरला. समोर कोणी नसेल, तर वात बारीक केलेली बरी.