गाळावरची पायवाट

चापडगावच्या मनोऱ्यावर मी पहिल्यांदा चढलो, तेव्हा सोबतच्या गाइड पोराने दुर्बीण हातात देत विचारलं, "वारकरी दिसले का?" मी रस्त्याकडे पाहिलं. पौष महिना, नाशिक जिल्हा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडी निघाली असेल, असं वाटलं. तो हसला आणि पाण्याकडे बोट केलं. काळेकुट्ट पक्षी, कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा पट्टा. वारकरी हे!

नांदूर मध्यमेश्वरला लोक 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. राजस्थानातलं भरतपूर राजाने बदकांच्या शिकारीसाठी राखलं होतं. इथे तर पक्षी कुणाच्या मनातही नव्हते. इंग्रजांनी गोदावरी-कादवा संगमाजवळ बंधारा घातला तो कालव्यांसाठी. डावा-उजवा कालवा निघाला, कोपरगाव-राहात्याकडची कोरडी जमीन भिजली, ऊस आला, मागून साखर कारखाने आले. एवढा इतिहास सगळे सांगतात.

उरलेला बंधाऱ्यामागे साचला. दर पावसाळ्यात नद्या माती आणत राहिल्या. पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, कारण जितका गाळ तितकं पाणी कमी. पण चमचा, शराटी, चित्रबलाक यांना खोल पाणी काय कामाचं? त्यांना गुडघाभर पाणी आणि चिखल हवा. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टेरी हंसांनाही हा काठ मानवला. 1986 मध्ये अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. म्हणजे बंधारा जिथे फसला, नेमकं तेच बघायला आपण गाड्या करून जातो.

मनोरे, फलक, आखलेली वाट हे सगळं पैसे आले की उभं राहतं. मला तिथली खरी कमाई तो पोरगा वाटला. थापट्या आणि तलवार बदक तो नुसत्या उडण्यावरून वेगळे सांगत होता. हिवाळाभर त्याला गावातच काम मिळतं. उन्हाळ्यात काय करतोस, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

परतताना सायखेड्याला चहासाठी थांबलो. 2019 च्या पुरात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं होतं. टपरीवरच्या बाबांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला.

"पक्षी बघून आले का? त्या गाळानं पाणी आमच्याकडं तुंबतं. तो काढा म्हणून आम्ही ओरडतोय."

"गाळ काढला तर पक्षी जातील, बाबा."

"आणि नाही काढला तर आम्ही कुठं जायचं?"

मी गप्प बसलो. त्यांनी कप विसळून पालथा ठेवला. मग जरा वेळाने त्यांनीच विचारलं, "हंस आले का यंदा?"

"आले," मी म्हणालो.