थायरॉइड जास्त झालं की किडनीचा रिपोर्ट फसवतो

आपल्या घरांत 'थायरॉइड वाढलंय' हे वाक्य दोन अगदी उलट आजारांसाठी वापरलं जातं. रिपोर्टवर टीएसएचचा आकडा १२ दिसला की लोक थायरॉइड वाढलं म्हणतात, पण तेव्हा ग्रंथी बहुधा मंदावलेली असते. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉइड काम करेनाशी झाली की हुकूम जोरात सुटतो. ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडू लागली की हुकूम जवळजवळ बंद होतो. म्हणून टीएसएच ०.०१ आणि सोबत टी३, टी४ वाढलेले, असा रिपोर्ट आला तर ती खरी वाढलेली थायरॉइड. डॉक्टर तिला हायपरथायरॉइडिझम म्हणतात. आम्ही इथे फक्त याच आजाराबद्दल आणि किडनीशी असलेल्या त्याच्या नात्याबद्दल लिहीत आहोत. या आजारात किडनीचा आकडा खरा असतो त्यापेक्षा चांगला दिसतो. उपचार सुरू झाल्यावर तोच आकडा बिघडल्यासारखा वाटतो, आणि घाबरून घरचे लोक गोळ्या बंद करतात. नुकसान तिथून सुरू होतं.

लक्षणं बहुतेकांना ऐकून माहीत असतात. भूक चांगली असूनही वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, सतत उकडणं, झोप न लागणं, वारंवार शौचाला जाणं, पाळी बिघडणं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये बराच जास्त आढळतो, आणि आपल्याकडे 'टेन्शन घेतेस, आराम कर' असं सांगून महिनोन्‌महिने काढले जातात. वयस्कर माणसांत तर निव्वळ थकवा आणि अनियमित नाडी एवढंच दिसतं. याचं सर्वांत मोठं कारण ग्रेव्हज डिसीज. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चुकीने चेतवत राहते आणि काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. हे नाव आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांच्यावरून पडलं, त्यांनी १८३५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पण गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध बाराव्या शतकातच हकीम सय्यद इस्माईल जुरजानी यांनी 'ज़ख़ीरा-ए-ख़्वारज़्मशाही' या फारसी ग्रंथात नोंदवला होता. मुलांना हे जरूर सांगावं.

आता किडनीकडे येऊ. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. मिनिटाला किती गाळलं जातं, त्या वेगाला जीएफआर म्हणतात. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, किडनीकडे जास्त रक्त धावतं आणि गाळण्याचा वेग साधारण १८ ते २५ टक्क्यांनी चढतो. तहान आणि लघवी वाढते ती यामुळेही. रिपोर्टवर आपण जे क्रिएटिनिन पाहतो तो स्नायूंच्या झिजेतून रक्तात येणारा कचरा. या आजारात एकीकडे स्नायूच कमी होतात, म्हणजे कचरा कमी तयार होतो, आणि दुसरीकडे किडनी तो भराभर बाहेर टाकते. दोन्ही बाजूंनी क्रिएटिनिन खाली येतं. कागदावर किडनी एकदम झकास.

एक हिशेब करून पाहू. समजा ४६ वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन आजाराच्या काळात ०.६ होतं. २०२१ च्या सूत्राने लॅबवाले त्याचा अंदाजे जीएफआर ११२ काढतील. कार्बिमाझोल सुरू झालं, तीन-चार महिन्यांत थायरॉइड ताळ्यावर आलं, वजन भरलं, आणि क्रिएटिनिन झालं ०.९. तोच हिशेब आता ८० दाखवतो. घरात कुणीतरी मोबाइलवर दोन्ही कागद शेजारी ठेवतं आणि म्हणतं, 'गोळ्यांनी अम्मीच्या किडनीचा एक तृतीयांश भाग खाल्ला.' असं काही झालेलं नसतं. ११२ हा आकडा फुगवलेला होता, ८० हा त्यांचा खरा आकडा. तापात धावणारी नाडी ताप उतरल्यावर मंदावते, तेव्हा आपण पॅरासिटामॉलला दोष देत नाही.

मात्र क्रिएटिनिनची प्रत्येक वाढ निर्धोक समजू नये. दुसरं कारण असं की गोळीचा डोस जास्त होऊन थायरॉइड उलट मंदावली. मंद थायरॉइडमध्ये किडनीचा वेग खरोखर घटतो. तेव्हा टीएसएच वर गेलेला आणि टी४ खाली आलेला दिसतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि आकडा बहुधा सावरतो. म्हणून क्रिएटिनिनचा कागद एकटा वाचू नका, त्याच दिवसाचा टी४ शेजारी ठेवा.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण शुगर आणि बीपी आता जवळजवळ प्रत्येक घरात आहे. अशा रुग्णाची किडनी आधीपासूनच खराब होत असेल, तर वाढलेलं थायरॉइड ते झाकून ठेवतं. वरच्याच वयाच्या, पण शुगर असलेल्या बाईंचं क्रिएटिनिन १.१ आलं तर जीएफआर ६३ निघतो. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा दीर्घ आजार धरला जातो, म्हणून ६३ वर कुणी थांबत नाही. थायरॉइड नीट झाल्यावर क्रिएटिनिन १.५ होतं आणि जीएफआर ४३. इथे आजार नवीन आलेला नाही, फक्त वरचा पडदा सरकला. पण मधल्या काळात मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांचा डोस त्या खोट्या ६३ वर ठरलेला असतो, आणि ४५ च्या खाली त्याचा फेरविचार करावाच लागतो. शुगर असलेल्यांनी थायरॉइडच्या उपचाराबरोबर शुगरच्या डॉक्टरांनाही कळवावं, ते यासाठी.

वर्षानुवर्षं उपचारच केला नाही तर? किडनीच्या चाळण्या सतत जादा दाबाखाली राहतात आणि लघवीतून प्रथिनं गळू शकतात. वरचं बीपी चढतं. नाडी अनियमित होते, हृदय थकतं, आणि थकलेलं हृदय किडनीला पुरेसं रक्त देऊ शकत नाही. हाडांमधून कॅल्शियम सुटतं. ते रक्तात फार वाढलं तर लघवी आणखी वाढून शरीर कोरडं पडतं. किडनीला हा फटका हळूहळू, हृदयाच्या वाटेने बसतो, म्हणून तो थायरॉइडच्या खात्यात कुणी मांडत नाही.

उपचार सुरू होतानाच क्रिएटिनिन आणि जीएफआरबरोबर लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण मोजून घ्यावं. ते ३० च्या वर राहिलं तर क्रिएटिनिन कितीही छान असलं तरी किडनीकडे लक्ष हवं. मग थायरॉइड ताळ्यावर आल्यावर हेच सगळं पुन्हा. खरा पाया तो दुसरा रिपोर्ट. सिस्टॅटिन-सी नावाची महागडी तपासणी या आजारात उलटी फसवते, थायरॉइड वाढलेलं असताना ती किडनी वाईट दाखवते. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्यांच्यामुळे काही लॅबमध्ये निरोगी माणसाचंही थायरॉइड वाढलेलं दिसतं.

औषधाबद्दल भीती असेल तर ती योग्य जागी असू द्या. कार्बिमाझोल घेताना ताप आणि घसा दुखू लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. हा दुष्परिणाम क्वचित होतो, पण जीवघेणा ठरू शकतो. प्रोपिलथायोयुरॅसिल या दुसऱ्या औषधाने फार थोड्या रुग्णांत रक्तवाहिन्यांना सूज येऊन किडनीला खरी इजा होते. लघवी लालसर किंवा चहासारखी झाली, सांधे दुखू लागले, अंगावर लाल चट्टे आले तर वाट पाहू नका. याउलट अंगदुखीसाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामकं आणि कुणाच्याही हातचा कुश्ता यांची भीती कुणालाच वाटत नाही. जुरजानींच्या तिब्बचा आम्हाला आदर आहे, पण नीट न बनवलेल्या कुश्त्यातून शिसं आणि पारा पोटात जाऊ शकतो, आणि तो किडनीलाच भोवतो. आयोडीनचं मीठ मात्र मनाने बंद करू नका.

रमजानबद्दल नेहमी विचारलं जातं. कार्बिमाझोल बऱ्याच जणांना दिवसातून एकदाच असतं. डॉक्टरांनी होकार दिला तर ते सहेरीला किंवा इफ्तारनंतर बसवता येतं, आणि थायरॉइड आटोक्यात असलेले अनेक जण रोजे ठेवतात. पण नाडी अजून धावते आहे, घाम आणि लघवी जास्त आहे, त्यात किडनीही कमजोर आहे, अशा माणसाने उन्हाळ्यात चौदा तास पाण्याविना राहणं धोक्याचं. आजाऱ्याला दिलेली रुखसत सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत स्पष्ट आहे. घरातल्या मोठ्यांनी सुनेला किंवा मुलीला ती घेताना लाजवू नये. कजा रोजे थंडीच्या छोट्या दिवसांत ठेवता येतात. डॉक्टरांकडे रमजान लागल्यावर न जाता शाबानमध्येच जावं, म्हणजे डोस बदलायला आणि पुन्हा तपासायला महिना मिळतो. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनीही निघण्याच्या दोनेक महिने आधी टी४ आणि क्रिएटिनिन पाहून घ्यावं, आणि गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.