रोल्स-रॉइस चिलखती मोटार

रोल्स-रॉइस चिलखती मोटार हे पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये विकसित झालेले लष्करी वाहन आहे. रोल्स-रॉइस कंपनीच्या 'सिल्व्हर घोस्ट' या प्रवासी मोटारीच्या चॅसीवर पोलादी चिलखत आणि फिरता बुरूज बसवून ते तयार केले जात असे. अशी एक मोटार महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात जतन केलेली आहे.

इतिहास

१९१४ मध्ये रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस या ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने बेल्जियम व उत्तर फ्रान्समध्ये साध्या मोटारींना पोलादी पत्रे लावून त्यांचा टेहळणीसाठी आणि खाली उतरलेल्या वैमानिकांना परत आणण्यासाठी वापर केला. या अनुभवातून नवी रचना ठरली आणि डिसेंबर १९१४ मध्ये पहिल्या मोटारी दाखल झाल्या. मात्र तोपर्यंत पश्चिम आघाडीवर खंदकांचे युद्ध सुरू झाल्याने तेथे त्यांचा फारसा उपयोग उरला नाही. त्यानंतर त्या प्रामुख्याने मध्यपूर्वेतील वाळवंटी प्रदेशात वापरल्या गेल्या. अरब उठावात टी. ई. लॉरेन्स यांनीही त्यांचा वापर केला.

रचना

सिल्व्हर घोस्टचे इंजिन सहा सिलिंडरचे असून त्याची क्षमता ७,४२८ घन सेंटिमीटर होती. चिलखताची जाडी सुमारे १२ मिलिमीटर, तर वाहनाचे वजन साडेचार टनांहून अधिक होते. हा भार पेलण्यासाठी स्प्रिंगा मजबूत केल्या गेल्या आणि मागील बाजूस जोडचाके बसवण्यात आली. बुरुजात एक व्हिकर्स मशिनगन असे. कमाल वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होता.

भारतातील वापर

१९२१ मध्ये भारतासाठी वेगळा नमुना तयार करण्यात आला. त्याचा बुरूज घुमटाकार होता व त्यात मशिनगनसाठी चार जागा होत्या. रोल्स-रॉइसची चॅसी महाग असल्याने पुढील खरेदीत क्रॉसली या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या स्वस्त चॅसीला पसंती देण्यात आली.

चालवण्याची पद्धत

आजच्या मोटारीपेक्षा हे वाहन चालवणे बरेच वेगळे आहे. सुरुवातीच्या मोटारींना विजेवर चालणारा स्टार्टर नव्हता. हँडल फिरवून इंजिन सुरू करावे लागे. त्याआधी हातपंपाने इंधनाच्या टाकीत हवेचा दाब निर्माण केला जाई. ठिणगीची वेळ चालक स्टिअरिंगवरील दांडीने पुढे-मागे करतो. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो आणि मधल्या क्षणी इंजिनाचा वेग गिअरच्या वेगाशी जुळवावा लागतो. अन्यथा दाते घासतात. ब्रेक केवळ मागील चाकांना असल्याने एवढ्या वजनाचे वाहन उतारावर नियंत्रणात ठेवण्यासाठी खालचा गिअर आधीच टाकणे आवश्यक ठरते.

जतन व पुनर्स्थापना

सेवेतून निवृत्त झालेल्या काही मोटारींचे चिलखत काढून त्यांच्या चॅसीवर पुन्हा प्रवासी मोटारीची बॉडी बसवण्यात आली. अशा पुनर्स्थापनेत चॅसी व इंजिन टिकते. परंतु लष्करी वाहन म्हणून असलेला पुरावा नष्ट होतो. त्यामुळे मूळ चिलखत व बुरुजासह उरलेल्या मोटारी दुर्मीळ मानल्या जातात. त्या चालत्या ठेवाव्यात की स्थिर प्रदर्शनात, हाही एक प्रश्न असतो. वापराने मूळ भाग झिजतात आणि ते बदलल्यास अस्सलपणा कमी होतो. उलट दीर्घकाळ उभ्या वाहनाचे इंजिन व इंधनयंत्रणा गंजतात, तसेच ते चालवण्याचे कौशल्यही लोप पावते.

इंग्लंडमधील बोव्हिंग्टन येथील रणगाडा संग्रहालयाने १९२० च्या नमुन्याची एक मोटार चालू स्थितीत ठेवली आहे. आयर्लंडच्या लष्कराने जपलेली 'स्लिव ना मन' ही मोटार २२ ऑगस्ट १९२२ रोजी मायकेल कॉलिन्स मारले गेले त्या वेळी त्यांच्या ताफ्यात होती.

अहिल्यानगर येथील मोटार

स्वातंत्र्यानंतर अहमदनगर हे भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र बनले. या दलाच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये येथे रणगाडा संग्रहालय स्थापन केले. विविध देशांची सुमारे ५० चिलखती वाहने येथे असून रोल्स-रॉइस मोटार ही त्यांतील सर्वांत जुन्या वाहनांपैकी आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांसारखे ब्रिटिश रणगाडे आणि भारतात निर्माण झालेला विजयंता हेही याच आवारात असल्याने प्रवासी मोटारीच्या चॅसीपासून आधुनिक रणगाड्यापर्यंतचा प्रवास येथे एकत्र पाहता येतो.