पाच शाळा ओलांडून

सन १८४८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरी सारा रॉबर्ट्स नावाची पाच वर्षांची एक मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची झाली. तिच्या घराजवळची शाळा अवघ्या ९०० फुटांवर होती. परंतु ती गोऱ्या मुलांची शाळा. साराचा वर्ण काळा, म्हणून तिने २१०० फुटांवरील स्मिथ शाळेत जावे असे शहराच्या शाळासमितीचे म्हणणे पडले. त्या वाटेला मिळणाऱ्या दोन गल्ल्यांतून पाच प्राथमिक शाळा होत्या. त्या पाचही शाळा ओलांडून ह्या चिमुकल्या मुलीने सहाव्या शाळेत जावयाचे, आणि तेही केवळ कातडीच्या रंगाकरिता! तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स हे छापखान्याचा व्यवसाय करीत. त्यांनी मुलीच्या नावाने शहरावर फिर्याद गुदरली.

वाट फार लांब होती असे नाही. बाराशे फुटांचे अंतर ते किती! न्यायालयानेही तोच मुद्दा पुढे केला. पण रॉबर्ट्स यांचे गाऱ्हाणे अंतराविषयी नव्हतेच. त्यांच्या बाजूने चार्ल्स सम्नर हे प्रख्यात वक्ते आणि रॉबर्ट मॉरिस हे कृष्णवर्णीय तरुण वकील उभे राहिले. दोन शाळांच्या इमारती आणि पुस्तके एकसारखी असली, तरी एका जातीच्या मुलांस वेगळे काढून बसविणे हाच त्यांचा अपमान होय, आणि ह्या वेगळेपणाने गोऱ्या मुलांच्या मनासही कीड लागते, असा सम्नर यांचा युक्तिवाद होता. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी १८५० साली तो अमान्य केला. समाजात पूर्वग्रह असेल तर तो कायद्याने निर्माण केलेला नाही आणि बहुधा कायद्याने जाणारही नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

बॉस्टनच्या पालकांनी हार मानली नाही. त्यांनी सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १८५५ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाने शाळांतील वर्णभेद कायद्याने बंद केला. त्या राज्यापुरता शॉ यांचा निकाल तेथेच संपला. परंतु कायद्याच्या ग्रंथांत तो तसाच राहिला, आणि पुढे एका अन्यायास आधार म्हणून उपयोगी पडला.

दक्षिणेकडील राज्यांत ह्या काळी गुलामगिरी चालू होती. साउथ कॅरोलायनात गुलामास लिहावयास शिकविणे हा १७४० पासून गुन्हा होता. १८३४ साली वाचावयास शिकविणेही गुन्हा ठरले. अक्षराची भीती मालकाला किती वाटत होती हे ह्यावरून दिसते. यादवी युद्ध होऊन १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हा मुक्त झालेल्या लोकांची शाळांवर अक्षरशः झुंबड उडाली. नातू आणि आजोबा एका बाकावर बसून मुळाक्षरे गिरवू लागले. ह्या मुक्तीचे पडसाद पुण्यापर्यंत पोहोचले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी शाळा काढण्याकरिता ज्यांनी दगडशेणाचा मारा सोसला, त्यांस त्या दूरच्या घटनेचा अर्थ तात्काळ उमगला ह्यात नवल नाही.

परंतु ती पहाट फार काळ टिकली नाही. १८७७ साली मध्यवर्ती सरकारने दक्षिणेतून आपले सैन्य काढून घेतले आणि जुनी सत्ता नव्या वेषात परत आली. आगगाडीच्या डब्यांपासून पाण्याच्या नळांपर्यंत सर्वत्र वर्णाची भिंत उभी राहिली. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ ह्या आगगाडीच्या डब्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘पृथक पण समान’ हे तत्त्व ग्राह्य मानले, आणि त्यास आधार म्हणून बॉस्टनच्या त्या जुन्या निकालाचा हवाला दिला. पाच वर्षांच्या मुलीविरुद्ध दिलेला निकाल असा सेहेचाळीस वर्षांनी साऱ्या राष्ट्राच्या मानेवर बसला.

‘पृथक’ हा शब्द तंतोतंत अमलात आला. ‘समान’ हा कागदावरच राहिला. साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्याचा हिशेबच पाहावा. सन १९४९-५० मध्ये तेथे गोऱ्या विद्यार्थ्यामागे वर्षाला १७९ डॉलर, तर काळ्या विद्यार्थ्यामागे ४३ डॉलर खर्च होत. गोऱ्या मुलांस ने-आण करण्यास ३० मोटारबसा होत्या. काळ्या मुलांस एकही नव्हती. कित्येक मुले मैलोगणती पायी जात. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस विकत घेतली आणि निदान तिच्या पेट्रोलापुरते तरी पैसे द्यावे अशी विनंती केली. तीही नाकारण्यात आली. काळे लोक कर थोडा भरतात, तेव्हा त्यांच्या मुलांच्या बसचा भार गोऱ्यांवर टाकणे रास्त नव्हे, असे उत्तर मिळाले. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांसच जमिनीचा कर का भरत नाही असे विचारण्यासारखे हे होते.

तेथील धर्मोपदेशक आणि शिक्षक जोसेफ डीलेन यांनी लोकांस धीर दिला. लीव्हाय पिअर्सन नावाच्या शेतकऱ्याने प्रथम बससाठी दावा केला. त्याच्या शेताची हद्द नेमकी कोणत्या शाळाविभागात पडते ह्या तांत्रिक सबबीवर तो फेटाळला गेला. मग १९४९ साली शंभराहून अधिक सह्यांचा अर्ज तयार झाला. सही करणे म्हणजे काय ते लवकरच कळून आले. अर्जावर ज्यांचे नाव पुढे होते ते हॅरी ब्रिग्ज महायुद्धात नौदलात चाकरी करून आलेले गृहस्थ. त्यांची पेट्रोलपंपावरील नोकरी गेली. त्यांच्या पत्नी एलायझा यांचेही काम सुटले. कोणाचे कर्ज एकाएकी परत मागण्यात आले, कोणास जमीन सोडावी लागली. डीलेन यांचे घर १९५१ साली जळाले, पुढे १९५५ साली त्यांचे चर्चही जाळण्यात आले, आणि जिवाच्या भीतीने त्यांस राज्य सोडून जावे लागले. मागणी काय, तर मुलांची बस आणि बरी शाळा!

१९५१ च्या मे महिन्यात चार्ल्सटन येथे हा खटला उभा राहिला. काळ्या पालकांची बाजू थर्गुड मार्शल मांडीत होते. पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले ते हेच. प्रतिपक्षाच्या वकिलाने आरंभीच एक चतुर डाव टाकला. शाळा असमान आहेत हे कबूल. आता राज्य नवा कर बसवून काळ्यांसाठी चांगल्या इमारती बांधीत आहे, तेव्हा तक्रारीला जागा कोठे उरली, असे त्याने सांगितले. ह्या कबुलीमुळे वादाचा गाभाच उघडा पडला. इमारत, बाके, बस सर्व समान झाले, तर वेगळी शाळा न्याय्य ठरते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत मिळण्यासारखे नव्हते. ते लहान मुलांच्या मनात शोधावयाचे होते. केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याकरिता एक साधी रीत योजिली होती. मुलांपुढे दोन प्रकारच्या बाहुल्या ठेवावयाच्या. नाक, डोळे, कपडे सर्व सारखे. फरक रंगाचा तेवढा. मग विचारावयाचे : कोणती बाहुली छान, कोणती वाईट, आणि तुझ्यासारखी कोणती? केनेथ क्लार्क ह्या बाहुल्या घेऊन क्लॅरेंडनला गेले. सहा ते नऊ वर्षांच्या १६ मुलांपैकी १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ मुलांनी काळी बाहुली वाईट म्हणून सांगितली. त्यानंतर ‘तुझ्यासारखी कोणती?’ हा प्रश्न आला, की ज्या बाहुलीस आताच वाईट म्हटले तीच मुलास उचलावी लागे. एवढ्या थोड्या मुलांच्या परीक्षेवरून किती सिद्ध होते ह्याविषयी पुढे विद्वानांत वाद झाले, आणि ते रास्तही होते. पण वेगळ्या शाळेने मुलास न सांगता काय शिकविले जाते, हे त्या बाहुल्यांनी डोळ्यांपुढे उभे केले.

तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी पालकांच्या विरुद्ध निकाल दिला. तिसरे न्यायाधीश वेटिस वेअरिंग हे त्याच चार्ल्सटनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले. पृथक्करण हीच मुळी असमानता होय, असे त्यांनी निर्भयपणे लिहून ठेविले. स्वकीयांच्या रोषामुळे त्यांसही पुढे आपले शहर सोडावे लागले.

हा खटला इतर ठिकाणच्या तशाच दाव्यांसह सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्यांपैकी कॅन्सस राज्यातील टोपीका गावच्या दाव्याचे नाव जगभर झाले. तेथील लिंडा ब्राऊन ह्या मुलीस रेल्वेच्या रुळांजवळून चालत जाऊन, मग बसने, लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. गोऱ्यांची शाळा मात्र घरापासून सात चौकांवर होती. आणि ह्या गोऱ्यांच्या शाळेचे नाव काय असावे? सम्नर शाळा! शंभर वर्षांपूर्वी सारा रॉबर्ट्सचे वकीलपत्र घेणाऱ्या चार्ल्स सम्नर यांच्याच नावाची. थोरांचे नाव दारावर कोरून त्यांचा विचार दाराबाहेर ठेवण्याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही.

१७ मे १९५४ रोजी नऊही न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. सार्वजनिक शिक्षणात ‘पृथक पण समान’ ह्या तत्त्वास स्थान नाही. वेगळ्या शाळा स्वभावतःच असमान असतात, असे मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी जाहीर केले. तथापि पुढील वर्षी अंमलबजावणीचा हुकूम देताना न्यायालयाने मुदत घातली नाही. विचारपूर्वक त्वरा करावी एवढेच म्हटले. विरोधकांनी त्यातील विचार तेवढा घेतला आणि त्वरा सोडून दिली. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर काळ्या मुलांस गोऱ्यांबरोबर बसविण्यापेक्षा १९५९ पासून सर्व सार्वजनिक शाळांस टाळे ठोकले. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाल्या. काळी मुले १९६४ पर्यंत बहुतांशी शाळेवाचून राहिली. सातव्या वर्षी अक्षर गिरवावयाचे त्याने बाराव्या वर्षी पाटी हाती घ्यावी, ही हानी कोणता निकाल भरून देणार? १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स येथे सहा वर्षांची रूबी ब्रिजेस सरकारी शिपायांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली, आणि बार्बरा हेन्री ह्या शिक्षिकेने वर्षभर त्या एकट्या मुलीचा वर्ग घेतला.

शाळा एक झाल्या तेव्हाही सर्व भार एकाच बाजूने उचलला. बंद झाल्या त्या बहुधा काळ्यांच्या शाळा, आणि हजारो काळे शिक्षक व मुख्याध्यापक कामावरून दूर झाले. आपल्या गल्लीतील प्रत्येक मुलाचे घर ज्यांस ठाऊक होते, त्यांसच नव्या शाळेत जागा नव्हती. भिंत पाडताना तिच्या आड जे मोलाचे उभे होते तेही पडले, ही ह्या इतिहासातील कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

तोपर्यंत आणखी एक सत्य उमगू लागले होते. सहाव्या वर्षी शाळेचे दार उघडले, तरी त्यापूर्वीची पाच वर्षे गरिबीने आणि अवहेलनेने खाल्लेली असतात. म्हणून १९६५ च्या उन्हाळ्यात ‘हेड स्टार्ट’ ही शिशुवर्गांची योजना सुरू झाली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून अधिक मुले तीत आली. शिक्षणाबरोबर पोटभर अन्न, डॉक्टरी तपासणी आणि आईबापांचा सहभाग ही तिची अंगे होती. त्याच दशकात मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे गरीब घरच्या १२३ कृष्णवर्णीय मुलांचा एक प्रयोग झाला. त्यांतील ५८ मुलांस तिसऱ्याचौथ्या वर्षापासून उत्तम शिशुवर्ग मिळाला, शिवाय शिक्षिका दर आठवड्यास घरी जात. ६५ मुलांस ही सोय नव्हती. ती मुले चाळिशीत येईपर्यंत त्यांची माहिती ठेविली गेली. पहिल्या गटातील दर शंभरांत ७७ जणांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले, दुसऱ्यातील ६० जणांनी. प्रयोग लहान होता. पण लवकर दिलेला हात किती दूरवर पोहोचतो हे त्याने दाखविले.

असे असूनही लढा संपला नाही. शाळांचा खर्च पुष्कळ अंशी त्या त्या वस्तीच्या घरपट्टीसारख्या करांवर चालतो. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरिबांची गरीब. ही विषमता मध्यवर्ती घटनेविरुद्ध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले. पुढच्या वर्षी, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, डेट्रॉइट शहर आणि त्याच्या भोवतालची गोरी उपनगरे मिळून मुलांची वाटणी करण्याची योजनाही त्याने रद्द केली. दारावरची पाटी गेली. वस्तीची सीमा राहिली. आजही अमेरिकेत लक्षावधी मुले अशा शाळांतून शिकतात, जेथे बाकावर दुसऱ्या वर्णाचा सोबती क्वचितच दिसतो.

न्यायमूर्ती शॉ यांचे म्हणणे होते की पूर्वग्रह कायद्याने जात नाही. ते अर्धेच खरे ठरले. कायद्याने मन एका दिवसात पालटत नाही. परंतु लहान मुले कोणाशेजारी बसून वाढणार हे कायदा ठरवितो, आणि उद्याचे मन त्या बाकावरच घडते. हॅरी ब्रिग्ज यांनी अर्जावर सही केली तेव्हा त्यांस हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. नोकरी गेली, गाव पारखा झाला. पण मुलांसाठी केलेली ती सही त्यांनी मागे घेतली नाही.