नवा संगणक अचानक बंद पडतो तेव्हा

सुटे भाग निवडून जुळवून घेतलेला संगणक घरी येतो, पहिले काही दिवस निर्वेध चालतो आणि मग एखाद्या दुपारी, परीक्षेचा अर्ज अर्धाअधिक भरून झालेला असताना, पडदा एकाएकी काळा होतो. पंख्यांचा आवाज थांबतो. कोणताही संदेश नाही, कोणतीही पूर्वसूचना नाही. बटण दाबले की संगणक जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होतो. कधी दिवसभर काही घडत नाही, तर कधी तासाभरात तीनदा हा प्रकार होतो.

असा दोष मोठ्या शहरात त्रासदायक ठरतो. लहान गावात तो खर्चिकही ठरतो. आनंदवनामुळे देशभर परिचित असलेल्या वरोऱ्याचेच उदाहरण घ्यावे. येथून चंद्रपूर सुमारे पन्नास किलोमीटर, तर सुट्या भागांची मोठी बाजारपेठ असलेले नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. चुकीचा भाग दोषी ठरवून तो बदलायला नेला, तर एक दिवस, प्रवासखर्च आणि बदलून घेण्याची मुदत अशा तिन्ही गोष्टी हातच्या जातात. म्हणूनच पेचकस हाती घेण्याआधी तपासाचा क्रम ठरवणे महत्त्वाचे.

या तपासाचे मूळ सूत्र साधे आहे. संगणक ‘केव्हाही’ बंद पडतो असे वाटले, तरी तो खरोखर केव्हाही क्वचितच बंद पडतो. त्याला ठरावीक कारण असते आणि ते कारण काही खुणा मागे ठेवते.

बंद पडण्याची तऱ्हा

सर्वप्रथम संगणक नेमका कसा बंद पडतो ते पाहावे. प्लग उपसल्याप्रमाणे क्षणात सारे थांबले आणि नंतर मागचा वीजबटणाचा खटका बंद-चालू केल्याखेरीज संगणक सुरूच झाला नाही, तर एसएमपीएसने, म्हणजे विजेचा पुरवठा करणाऱ्या पेटीने, स्वतःचे संरक्षण म्हणून वीज तोडल्याचा संशय घ्यावा. क्षणात थांबून तो आपोआप पुन्हा सुरू झाला, तर भिंतीतून येणाऱ्या विजेतील झोत किंवा क्षणिक अतिभार संभवतो. निळा पडदा चमकून गेला, तर मेमरी, ड्रायव्हर वा प्रोसेसरकडे लक्ष वळवावे. पंखे फिरत राहिले आणि केवळ चित्र गेले, तर संगणक बंद पडलेलाच नाही. ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर किंवा त्यांना जोडणारी केबल तपासावी.

निळा पडदा डोळ्यांना दिसण्याआधीच नाहीसा होतो, कारण विंडोजमध्ये अशा वेळी आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू असते. ‘सिस्टीम’च्या प्रगत सेटिंगमध्ये ती बंद करावी. पुढच्या वेळी पडद्यावरचा संकेतांक टिपून घेता येतो.

यंत्रणेची नोंदवही

विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टीम’ या नोंदी पाहाव्यात. अचानक बंद पडल्यावर तेथे बहुधा ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद आढळते. अनेकजण ती पाहून एसएमपीएस बिघडल्याचा निष्कर्ष काढतात. तो घाईचा ठरतो. मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ही नोंद सांगते. तिच्या तपशिलातील ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर बहुतेक वेळा वीज एकाएकी तुटलेली असते. तेथे दुसरा आकडा असेल, तर यंत्रणा आतून कोसळलेली असते. याउलट ‘१०७४’ ही नोंद दिसली, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा अद्ययावतीकरणाने संगणक रीतसर बंद केला असे समजावे. ‘व्हिया-लॉगर’ या नावाच्या नोंदी प्रोसेसर, मेमरी वा मदरबोर्डच्या दोषाकडे बोट दाखवतात.

यंत्राच्या नोंदींना माणसाच्या नोंदींची जोड द्यावी. साध्या वहीत तारीख, वेळ, त्यावेळी चालू असलेले काम आणि घरात त्याच क्षणी सुरू झालेले दुसरे उपकरण लिहून ठेवावे. पाण्याचा पंप, फ्रिज आणि कूलर यांच्या मोटारी सुरू होताना मोठा विद्युतप्रवाह ओढतात व क्षणभर दाब खाली येतो. आठवडाभराच्या नोंदींत पंपाची वेळ आणि संगणक बंद पडण्याची वेळ जुळू लागली, तर निम्मा तपास तेथेच संपतो.

तपास भिंतीपासून

चंद्रपूर जिल्ह्यात वीज भरपूर तयार होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमताच २,९२० मेगावॉट आहे. तथापि वीजकेंद्र जवळ असणे आणि घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टचा स्थिर दाब असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. गल्लीतील रोहित्रावरचा भार, वादळवारा, सैल जोड आणि घरातील जुनी तारजोडणी यांवर शेवटच्या टोकाचा दाब अवलंबून असतो.

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. चांगला एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर पूर्ण भार असतानाही साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. हलक्या प्रतीचा त्याआधीच हार मानतो. त्यामुळे दिवा मिणमिणल्याचे जाणवलेही नाही अशा झटक्यात संगणक मात्र बंद पडू शकतो.

तपासासाठी संगणक काही दिवस एक्स्टेन्शन बोर्ड, स्टॅबिलायझर आणि यूपीएस हे सारे वगळून थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटला जोडावा. दोष नाहीसा झाला, तर वगळलेल्या वस्तूंपैकी एक दोषी आहे. यूपीएसमधील बॅटरी उष्ण हवामानात लवकर थकते. तसेच ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला तो अपुरा पडतो. घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालत असेल, तर त्यावरचा खटका ‘नॉर्मल’वर आहे की ‘यूपीएस’वर, हेही पाहावे. ‘नॉर्मल’ स्थितीत वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास अधिक वेळ लागतो. पंख्या-दिव्यांना तो चालतो, संगणकाला नाही.

कॅबिनेटला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर अर्थिंग तुटलेले आहे. अशा वेळी पुढचा तपास थांबवून परवानाधारक वायरमनकडून ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

उन्हाळा, धूळ आणि कूलर

मे महिन्यात या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवे नाही. संगणकाच्या आतील उष्णता खोलीच्या तापमानावर चढत जाते. ढोबळ हिशेबाने, २८ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर काम करणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ९४ अंशांपर्यंत जाईल. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमने हे आकडे पाहता येतात व नोंदवून ठेवता येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की प्रथम आपला वेग कमी करतात. त्यानंतरही तापमान वाढतच राहिले, तरच ते स्वतःला बंद करतात. म्हणून प्रोसेसरच्या उष्णतेने नवा संगणक थेट बंद पडत असेल, तर दोष केवळ ऋतूचा नसतो. बहुधा त्याचा कूलर नीट बसलेला नसतो.

एसएमपीएसची गोष्ट वेगळी. काही पेट्यांची क्षमता ४० वा ५० अंशांना मोजलेली असते, तर स्वस्त पेट्यांवरचा आकडा अनेकदा २५ अंशांचा असतो. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र पेटीची कार्यक्षमता सांगते आणि त्याची चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. वरोऱ्यातील मे महिन्याच्या दुपारी ती पेटी किती भार पेलेल, याची हमी त्या शिक्क्यात नाही. संगणक दुपारी बंद पडतो व पहाटे बिनतक्रार चालतो, असे वहीत दिसले तर या पेटीवर लक्ष ठेवावे.

उकाड्यावर उपाय म्हणून संगणक वाळ्याच्या कूलरसमोर ठेवण्याची चूक विदर्भात हमखास होते. कूलरची हवा थंड असली तरी दमट असते आणि तिच्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात. कॅबिनेटमधील धूळ त्या ओलाव्याने चिकटून बसते व जोडांवर गंज चढतो. संगणक झोताच्या बाजूला, भिंतीपासून किमान वीतभर अंतरावर ठेवावा. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शनवर तर कधीच नसावेत. खाणी व कोळसा वाहतुकीच्या परिसरात धुळीची जाळी महिन्यातून एकदा झटकणे इष्ट.

जुळणीतील चुका

नव्या संगणकात भाग बिघडलेला असण्यापेक्षा तो नीट बसवलेला नसण्याचा संभव अधिक. वीज पूर्ण तोडून, प्लग काढून, मग कॅबिनेट उघडावे.

कूलरच्या तळाला चिकटवलेले पारदर्शक प्लास्टिक काढले आहे का, हे पाहावे. ते तसेच राहिल्याची उदाहरणे जगभर आढळतात. कूलरचे चारही पाय सारखे बसलेले असावेत आणि त्याच्या पंख्याची तार मदरबोर्डवरील योग्य जागी असावी. मुख्य २४ पिनांचा आणि प्रोसेसरसाठीचा ८ पिनांचा जोड ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत दाबावा. मदरबोर्डखालचे पितळी आधार त्याच्या छिद्रांशी जुळणारेच असावेत. एखादा आधार भलत्या जागी राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूस टेकून शॉर्ट सर्किट घडवतो.

कॅबिनेटच्या पुढील बटणाचाही विचार करावा. ते चार सेकंद दाबून धरले की संगणक सक्तीने बंद होतो. बटण आत अडकत असेल, तर नेमका हाच परिणाम दिसतो. बटणाची व ‘रीसेट’ची तार मदरबोर्डवरून काही काळ काढून ठेवली आणि संगणक टिकला, तर कारण सापडले.

एसएमपीएसची कसोटी

इथवर उत्तर मिळाले नाही, तर एसएमपीएसकडे वळावे. ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉट घेऊ शकतो. इंटेलच्या तेराव्या पिढीतील काही उच्च श्रेणीच्या प्रोसेसरांची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे. शक्तिशाली ग्राफिक्स कार्डे तर क्षणार्धासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी पट वीज मागतात. याच कारणाने २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, नव्या ग्राफिक्स जोडासह येणाऱ्या मोठ्या पेट्यांनी आपल्या क्षमतेच्या दुपटीइतका भार १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा ठेवली गेली.

संगणक केवळ खेळ सुरू असताना वा चित्रफितीचे संपादन करताना बंद पडत असेल, तर ‘ओसीसीटी’सारख्या चाचणीने आधी प्रोसेसरवर, मग ग्राफिक्स कार्डवर आणि शेवटी दोहोंवर भार टाकावा. स्वतंत्रपणे दोन्ही टिकतात, पण एकत्र भारात संगणक बंद पडतो, अशा वेळी संशय पेटीवरच जातो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत असावी. मात्र मल्टिमीटरला मिलिसेकंदांची घसरण दिसत नाही; आकडा योग्य आला म्हणून पेटी निर्दोष ठरत नाही. ओळखीच्या व्यक्तीची पुरेशा क्षमतेची चांगली पेटी दोन दिवस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. त्या वेळी पेटीबरोबर तिच्याच केबली वापराव्यात, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबलींतील पिनांचा क्रम वेगळा असू शकतो व त्यातून भाग जळू शकतात. पेटी स्वतः उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

मेमरी, ग्राफिक्स आणि बायोस

बायोसच्या पडद्यावर संगणक तासभर तसाच ठेवून पाहावा. तेथेही तो बंद पडला, तर विंडोज व ड्रायव्हर दोषमुक्त होतात. त्यानंतर मेमरीचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ वा ‘एक्सपो’ ही सोय बंद करून बायोस मूळ स्थितीत आणावे, रात्रभर ‘मेमटेस्ट८६’ चालवावे आणि रॅमची एकेक पट्टी लावून पाहावी. बायोसची नवी आवृत्तीही तपासावी. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अतिरिक्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. कंपनीने बायोसमार्फत सुधारणा दिली व त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र बायोस बदलताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे बंद पडण्याचा दोष वारंवार येत असताना हे काम करू नये; ते दुकानातच करून घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी

तपास सुरू असेपर्यंत महत्त्वाच्या फाइलींची प्रत रोज पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. वीज तुटताना लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते आणि नवा भाग वॉरंटीत मिळाला तरी गेलेला मजकूर मिळत नाही.

संपूर्ण तपासात एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच बदल करावा, त्यानंतर दोष पूर्वी जितक्या काळात दिसत होता त्याच्या दुप्पट काळ वाट पाहावी आणि निष्कर्ष लिहून ठेवावा. एकाच दिवशी रॅम काढली, केबल बदलली आणि विंडोज नव्याने टाकले, तर संगणक सुधारला तरी कारण कळत नाही व दोष परतला तर शोध पहिल्यापासून करावा लागतो.

जुळवून घेतलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. त्यामुळे चंद्रपूर वा नागपूरची वाट धरताना सर्व बिले, भागांचे मूळ खोके आणि ती वही सोबत असावी. ‘केव्हाही बंद पडतो’ एवढेच सांगितले, तर दुकानातील वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर अर्धा तास चालवून संगणक ‘ठीक आहे’ म्हणून परत मिळण्याची शक्यता मोठी. ‘थेट सॉकेटवर, दोन्ही भार एकत्र दिल्यावर दहा मिनिटांत बंद पडतो, दुसरी पेटी लावल्यावर दोन दिवसांत एकदाही पडला नाही,’ असे लिहून दाखवले, तर तंत्रज्ञाला नेमकी तीच चाचणी करून पाहता येते आणि ग्राहकाची दुसरी खेप वाचते.